मुदत कोणी ठरवली?

केळापूर तालुक्यातील एका गावाहून आम्हाला पत्र आले आहे. पत्र एका आईचे, पण अक्षर तिच्या धाकट्या मुलाचे. वहीचे एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेले. नाव-गाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. ती आम्ही मानतो. मुख्य मजकूर तिच्याच शब्दांत देतो :

“आमची थोरली पोरगी सिकलसेलची हाय, एस एस पॅटर्न. थे बारा वर्साची होती तवा लय बिमार पडली. हाडं फुटत होती, रातभर वरडे. तवा एका डाक्टरनं सांगतलं का, बाई, हे पोरगी वीस वर्साच्या पुढं जात नाही. मंग सातवी झाल्यावर तिच्या बापानं तिले शाळेतून काढलं. म्हने, जे पोरगी राहनारच नाही तिले शिकवून का फायदा? आता थे बावीस वर्साची झाली. डाक्टरनं देल्लेली मुदत होऊन गेली. तुमी पेपरात लिहिता, तुमाले मालूम असन. आता थे आजून किती दिवस जगन, थे सांगा. म्हंजे तिचं का कराचं थे आमाले ठरवता येइन.”

हे पत्र आम्ही तीन वेळा वाचले. मुदत हा शब्द सोसायटीच्या कर्जाला असतो, औषधाच्या बाटलीवर छापलेला असतो. तो एका लेकराला लावला गेला आणि त्या एका शब्दावर घराने दहा वर्षे काढली. मुलगी मात्र जगली. तिच्या जगण्याची तयारी कोणीच केली नव्हती, म्हणून आता तिचे काय करायचे हा प्रश्न पडला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात आणि साऱ्या विदर्भात असे हे एकच घर नाही. म्हणून या आठवड्याचे सदर आम्ही या एका पत्रालाच देत आहोत.

आजार आहे तरी काय?

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी तिथे तयार होतात. धडधाकट माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलग्रस्ताची पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते आणि १० ते २० दिवसांतच फुटते. मज्जा रात्रंदिवस नव्या पेशी घडवते, तरी रक्त कमीच पडते. या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडाला आणि त्याच्या आतल्या मज्जेला रक्त पोचत नाही, तेव्हा तो भयंकर ठणका उठतो. आपल्याकडे “हाडं फुटतात” म्हणतात ते अगदी खरे आहे. ते ढोंग नाही आणि आळसही नाही.

हा आजार आईबापांकडून येतो. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही दोष आले तर मूल एस एस, म्हणजे ग्रस्त. एकच आला तर ए एस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो आपला कापूस वेचतो, संसार करतो आणि त्याला पत्ताही नसतो.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूरकडील लोकांतील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापली. विदर्भात आपल्या समाजात हा दोष पुष्कळ आहे. गोंड, परधान, कोलाम या आदिवासींत आहे, कुणबी-तेली समाजातही आहे. त्याचे कारण जात नव्हे, हिवताप. वाहक माणसाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हा दोष टिकून राहिला. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि आपला विदर्भ या बाबतीत एका रांगेत बसतात. म्हणून हा आजार कोणत्याही घराला लागलेला बट्टा नाही.

वीस वर्षांचा आकडा आला कुठून?

त्या डॉक्टरने आकडा मनाने काढला असेल असे आम्ही म्हणत नाही. त्याने कधीतरी वाचलेला जुना आकडा सांगितला असावा. पण या आकड्यांचा इतिहास प्रत्येक आईबापाने ऐकण्यासारखा आहे.

सिकलसेलचा पहिला नोंदलेला रुग्ण वॉल्टर नोएल नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. ग्रेनाडा या छोट्या बेटावरून तो १९०४ साली दंतवैद्यकी शिकायला अमेरिकेत शिकागोला आला. त्याच्या रक्तातील वाकड्या पेशींचे वर्णन १९१० साली छापून आले. आजार अंगावर घेऊनच तो शिकला, गावी परतला, दवाखाना चालवला आणि १९१६ साली ३२ व्या वर्षी न्यूमोनियाने गेला. तेव्हा पेनिसिलिन नव्हते, कोणतेही खास औषध नव्हते.

पुढे १९७३ साली अमेरिकेत एका डॉक्टरने हिशेब मांडला, तेव्हा रुग्णांचे मधले आयुर्मान सुमारे १४ वर्षे निघाले. १९९४ साली तिथेच हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास छापला गेला. त्यात एस एस पुरुषांचे मधले वय ४२ आणि स्त्रियांचे ४८ आले. २००१ साली जमैकाच्या अभ्यासात पुरुषांचे ५३ आणि स्त्रियांचे ५८ वर्षांच्या वर आले.

चौदा, मग बेचाळीस, मग त्रेपन्न. दोष तोच आणि पेशी त्याच वाकड्या. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी एवढा मोठा फरक केवळ मोजणीने पडत नाही. माणसांनी काय केले, त्याने तो पडला.

आणि इथे आपल्या चळवळीशी नाते सांगणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेत हा आजार मुख्यतः काळ्या लोकांचा, म्हणून त्याच्याकडे दीर्घकाळ कोणी पाहत नव्हते. १९७१ साली ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुणांनी वस्त्या-वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. आमची माणसे मरतात ती मोजा, असा आवाज उठला. १९७२ साली अमेरिकी सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव तिने याच पँथरांवरून घेतले. आपण त्यांचे नाव घेतले आणि लढाऊ बाणाही घेतला. तपासणीचे त्यांचे काम मात्र आपल्या वस्त्यांत त्या जोमाने उभे राहिले नाही. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्य वेचले, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्र शासनाने सिकलसेलचा कार्यक्रमही हाती घेतला. पण देशभरची मोहीम सुरू व्हायला १ जुलै २०२३ उजाडावा लागला. ‘लॅन्सेट’मधल्या नोंदीनंतर ६५ वर्षांनी!

आयुष्य वाढले ते कशाने?

सिकलसेलच्या लहान मुलांना साधा ताप वाटणारा संसर्ग काही तासांत मारू शकतो. १९८६ साली अमेरिकेत २१५ मुलांवर प्रयोग झाला. अर्ध्या मुलांना रोज पेनिसिलिन दिले, अर्ध्यांना नुसती बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या ११० मुलांपैकी १३ जणांना गंभीर संसर्ग झाला आणि त्यांतली तीन दगावली. पेनिसिलिनच्या १०५ मुलांपैकी फक्त दोघांना संसर्ग झाला, दगावले कोणीच नाही. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरल्या वेळेच्या आठ महिने आधीच थांबवला. स्वस्तातली गोळी, पण तिने आयुर्मानाचा आकडा हलवला.

दुसरी गोष्ट जमैकाची. लहान मुलाच्या डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत, म्हणजे पानथरीत, कधीकधी अचानक रक्त साचते. मूल पांढरेफटक पडते, पोट फुगते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. तिथल्या डॉक्टरांनी आयांना शिकवले की रोज लेकराच्या पोटावर हात ठेवून पानथरी चाचपून पाहा; वाढलेली लागली की धावत या. पूर्वी अशा शंभर झटक्यांमागे २९ मुले दगावत होती, ती संख्या तीनवर आली. हे काम कोणत्या यंत्राने केले नाही. शेणामातीत राबणाऱ्या आयांच्या तळहाताने केले.

तिसरी गोष्ट हायड्रॉक्सियुरिया या औषधाची. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते, ते पेशींना वाकू देत नाही. जन्मानंतर ते आटत जाते. हे औषध अस्थिमज्जेवर काम करून ते बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. १९९५ सालच्या प्रयोगात रुग्णांचे ठणक्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच रुग्णांचा नऊ वर्षांचा हिशेब २००३ साली छापला गेला. औषध घेणाऱ्यांत मृत्यू ४० टक्क्यांनी कमी दिसले. नागपुरातही डॉक्टरांनी सिकलसेलच्या मुलांना कमी मात्रेत हे औषध देऊन त्याचा गुण सिद्ध केला आहे.

मग आयुष्य सांगता येते की नाही?

१९९४ च्या अभ्यासातून काही खुणा निघाल्या. बाळपणीचे हिमोग्लोबिन ज्यांच्या रक्तात जास्त, ते जास्त जगले. ज्यांना वरचेवर छातीचा झटका आला, फेफरे आले, मूत्रपिंडे बिघडली किंवा पांढऱ्या पेशी सतत फार वाढलेल्या राहिल्या, त्यांना धोका अधिक दिसला. भारतीय रुग्णांत हे बाळपणीचे हिमोग्लोबिन बरेचदा जास्त असते. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असे पूर्वी म्हटले जाई. पण नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या भागात आजाराची तीव्र रूपेही पुष्कळ पाहिली आहेत. म्हणजे एकाच वस्तीतल्या दोन एस एस मुलांचेही दुखणे सारखे नसते.

२००० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खुणा पाहून पुढे कोणाचा आजार बिकट होईल ते सांगण्याची रीत काढली. हातापायांना लवकर आलेली सूज, हिमोग्लोबिन सातच्या खाली, पांढऱ्या पेशी जास्त, अशा त्या खुणा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ती रीत दुसऱ्या मुलांवर तपासली, तर ती नीट लागू पडेना. मोठमोठ्या तज्ज्ञांची ही गत, तर एका झटक्यातल्या मुलीकडे पाहून “वीस वर्षे” म्हणणाऱ्याचे काय सांगावे?

मधले आयुर्मान ४८ म्हणजे काय, हेही समजून घेऊ. त्याचा अर्थ ४८ व्या वर्षी मरण असा नाही. निम्म्या बाया त्या वयाच्या आधी गेल्या आणि निम्म्या त्याच्या पुढे जगल्या, एवढाच. शिवाय तो हिशेब मागे होऊन गेलेल्या लोकांचा आहे, त्या काळच्या उपचारांचा आहे. तुमची मुलगी त्यात मोजलेली नाही. पंचांगवाला सांगतो ते लिहून ठेवलेले आहे म्हणून सांगतो. डॉक्टरच्या खुणा त्यासाठी नसतात. कोणाकडे आधी धावायचे, कोणाला औषध लवकर सुरू करायचे, हे कळावे म्हणून त्या असतात.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात ही कल्पना नाकारली आहे. आपण देव सोडले, पंचांग सोडले, नशीब सोडले. मग डॉक्टरच्या तोंडून आलेले नशीब तरी का मानावे? बाबासाहेब आणि रमाईंच्या पाच लेकरांपैकी एक यशवंतच वाचला, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या माउलीने म्हणून उरलेल्या लेकराला अंतर दिले नाही.

घरी काय करावे?

औषध डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावे. पण पुढील गोष्टी प्रत्येक घराच्या हातात आहेत.

ताप १०१ च्या वर गेला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उद्या बाजाराच्या दिवशी जाऊ, असे म्हणू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरे पडणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, फेफरे येणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नये.

पाणी भरपूर पाजावे. आपल्या जिल्ह्यात उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहिवराने लुगडे ओले होते. ऊन आणि गारठा दोन्ही या पेशींना वाकवतात. ग्रस्त माणसाला वावरात जावेच लागले तर दहिवर उतरल्यावर जावे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी, सावलीला बसू द्यावे.

हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ते रोज घ्यावे, दुखणे थांबले म्हणून बंद करू नये. त्यासोबत ठरल्या वेळी रक्ततपासणी करावी. रक्त कमी आहे म्हणून दुकानातून लोहाचे टॉनिक आणून पाजू नये. या आजारात रक्त लोहाच्या कमतरतेने कमी झालेले नसते. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर देतात, ती घ्यावी. लहान मुलांना न्यूमोनियाची लस चुकवू नये.

तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. २०२३ च्या मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचे ठरले आहे. सिकलसेल २०४७ पर्यंत हटवायचा, असे सरकार म्हणते. आजार हटवायचा, हे ठीक. पण आज ज्यांना तो आहे त्यांना रोजचे औषध वेळेवर मिळणे ही त्यातली पहिली पायरी आहे. औषध संपले असे सांगितले तर चारचौघांनी मिळून लेखी मागणी करावी. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे जावे.

भावाबहिणीची मज्जा जुळली तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने हा आजार मुळापासून बरा होऊ शकतो. सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक असते. २०२३ च्या अखेरीस विलायत-अमेरिकेत जनुकावरच्या उपचाराला मान्यता मिळाली, पण त्याची तिथली किंमत २२ लाख डॉलर आहे. गरिबाच्या घरी आज पोचणारे औषध म्हणजे गोळी, पाणी, लस आणि वेळेवर गाठलेला दवाखाना.

लपवू नका

पत्रात नाव छापू नका असे लिहिले आहे, त्यामागची भीती आम्ही जाणतो. सोयरीक मोडेल, लोक बोट दाखवतील. किसा गौतमीची गोष्ट आपण विहारात ऐकतो. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती घरोघरी मोहरी मागत फिरली आणि मरण एकट्या आपल्याच घरी आले नाही हे तिला उमगले. आपल्याही वस्तीत दार-दार फिरून पाहा. सिकलसेल तुमच्याच घरी नाही, हे दोन-चार दारांतच कळेल.

सोयरिकीच्या आधी दोघांचे रक्त तपासणे हाच खरा उपाय. वाहक-वाहक लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक. या मायबहिणीची मुलगी स्वतः एस एस आहे. तिचे लग्न निर्दोष रक्ताच्या मुलाशी झाले तर सगळी मुले वाहक होतील, ग्रस्त एकही होणार नाही. वाहकाशी झाले तर निम्मी शक्यता ग्रस्त होण्याची. बाळंतपण जोखमीचे असते. औषध आधी बदलावे लागते आणि मोठ्या रुग्णालयात नाव घालावे लागते. लग्न करायचे की नाही, हे मात्र तिने ठरवायचे आहे.

आता पत्राचे उत्तर

मायबहिणी, तुमची मुलगी किती दिवस जगेल हे आम्ही सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या आमच्या बाबतीतही सांगू शकत नाही. पण ती अजून पुष्कळ वर्षे जगेल असे धरून चाला, म्हणजे त्या वर्षांचे काहीतरी होईल. मरेल असे धरून चाललात, त्यात दहा वर्षे गेली.

तिला या महिन्यात यवतमाळला न्या. हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे का, नसेल तर का नाही, ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. एसटीच्या प्रवासातली सवलतही विचारून घ्या. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला बाहेरून दहावीला बसवा. दहावी झाली तर सावलीत बसून करायच्या कामाची वाट उघडते, आणि उन्हातल्या मजुरीपेक्षा तेच तिच्या रक्ताला मानवेल.

तिच्या बापाला आमचा जय भीम सांगा. त्यांनी दुष्टपणाने शाळा सोडवली असे आम्ही मानत नाही. गरिबाच्या घरी पैसा कुठे घालायचा हे रोज ठरवावे लागते. त्यांनी एका आकड्यावर विश्वास ठेवला. तो आकडा चुकला, आता निर्णय बदलायला हरकत नाही.

शेवटी एकच. पत्राचे अक्षर धाकट्याचे आहे. घरात सातवी झालेली मुलगी असताना, तिच्याच आयुष्याचे पत्र तिने का लिहिले नाही? “तिचं का कराचं” हे तिलाच विचारा. पुढचे पत्र तिच्या हातचे येऊ द्या. आम्ही वाट पाहतो.